नाबोथाचा मळा आणि आपला विसार

गेल्या नाताळात आमच्या घरी जेवणे आटोपल्यावर एक रंगीत पत्रक हातोहात फिरले. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने ते आणले होते. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिंत्रा शहरापलीकडील कोलारेस परिसरातले एक घर विकाऊ होते. पांढऱ्या भिंती, निळ्या चौकटी आणि समोर अथांग अटलांटिक. चित्राखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : आवारात जुना द्राक्षमळा आहे, ग्राहकाची इच्छा असल्यास तो काढून तेथे पोहण्याचा तलाव करता येईल.

“मामा, फातिमाच्या यात्रेला गेला होता तेव्हा तुम्ही हा भाग पाहिलात ना? कसा आहे? घेऊ का?” भाच्याने विचारले.

पंगतीत चारचौघांसमोर मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि विषय बदलला. घरी आलेल्या पाहुण्याला सणाच्या दिवशी दुखवू नये, एवढाच त्यामागे विचार होता. परंतु ते उत्तर अपुरे होते, किंबहुना भित्रे होते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज परदेशी चार पैसे मिळवत आहेत आणि अशी पत्रके त्यांच्याही हाती पडत आहेत. म्हणून जे त्या दिवशी बोललो नाही, ते येथे स्पष्टपणे मांडतो. द्राक्षांच्या आणि समुद्राच्या ओढीने अशा गावात सुटीपुरते घर घेणे हा निरुपद्रवी शौक नाही. ज्या गोष्टीवर भाळून आपण ते घर घेतो, तिचाच आपण अंत करतो.

प्रथम हे कोलारेस काय आहे ते पाहू. यात्रेकरूंची बस काबो दा रोकाला, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीच्या पश्चिम टोकाला, थांबते. आपण छायाचित्रे काढतो आणि पुढे निघतो. तेथून उत्तरेला काही मैलांवर आझेन्यास दो मारच्या आसपास वाळूत द्राक्षवेली आहेत. मांडव नाहीत, तारा नाहीत. वेली जमिनीवर सरपटत वाढतात. घड भरू लागले की वाळूच्या चटक्याने ते करपू नयेत म्हणून एकेका फांदीखाली आखूड टेकू लावून ती उचलावी लागते. समुद्राचा खारा वारा अडविण्यासाठी वेताच्या ताट्या आणि सुक्या दगडांचे गडगे घातलेले असतात. आमची बस रस्ता चुकून त्या बाजूला गेली म्हणून सप्टेंबरच्या आरंभी हे दृश्य मला पाहावयास मिळाले. एक वृद्ध शेतकरी गुडघे टेकून टेकू सारखे करीत होता. आपल्याकडे पानवेलीच्या बागेत काम करणारी माणसे मला आठवली.

वेल वाळूत वाढत असली तरी तिची मुळे वाळूखालच्या चिकणमातीत असावी लागतात. म्हणून लागवडीच्या वेळी वाळूत खोल चर खणून माती गाठावी लागते. पूर्वी खणणारे मजूर डोक्यावर टोपली पालथी घालून चरात उतरत. वाळू कोसळलीच, तर टोपलीतल्या हवेवर चार क्षण श्वास घेता यावा, ही त्यामागची योजना होती.

याच वाळूने त्या वेलींना तारलेही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या सूक्ष्म किडीने युरोपभरचे द्राक्षमळे मुळांपासून कुरतडून टाकले. शेवटी अमेरिकन वेलींच्या खुंटांवर युरोपीय द्राक्षांची कलमे करूनच शेतकऱ्यांना निभाव लावावा लागला. कोलारेसच्या वाळूत मात्र त्या किडीला चालता येईना. तेथील रामिस्को आणि माल्वाझिया या जातींच्या वेली आजही कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. १९०८ साली या भागाच्या वाइनला कायद्याने स्वतंत्र सीमा आखून मिळाली आणि १९३१ साली उत्पादकांची सहकारी मद्यशाळा निघाली. विसाव्या शतकाच्या मध्यास हजार हेक्टरांहून अधिक जमीन द्राक्षाखाली होती. आज ती काही डझन हेक्टरांवर आली आहे.

म्हणजे किडीला जे जमले नाही ते कोणी केले? उत्तर साधे आहे. लिस्बनकरांना हवापालट हवी होती. १९०४ साली सिंत्राहून प्राया दास मासांशच्या किनाऱ्यापर्यंत ट्राम सुरू झाली. तिच्या मागोमाग सुटीचे बंगले आले, पुढे मोटारी आल्या आणि समुद्रकाठच्या वाळूला द्राक्षापेक्षा भूखंड म्हणून अधिक भाव मिळू लागला. वाळूतला मळा राबवून घेतो फार आणि देतो थोडे. चर खणणारे हात शहराकडे आणि परदेशी गेले, स्वस्त वाइन बाजारात आली, ही कारणेही खरीच आहेत. सगळा दोष मी घरांच्या माथी मारीत नाही. परंतु मजूर मिळत नाही म्हणून ओसाड पडलेला मळा उद्या कोणी तरुण पुन्हा लावू शकतो. काही नव्या उत्पादकांनी तसे केलेही आहे; पणजीच्या फोंतेन्यास भागात जिचे कार्यालय आहे त्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेनेही तेथे वेली राखल्या आहेत. ज्या वाळूवर काँक्रीट पडले, तेथे मात्र हा मार्ग कायमचा बंद होतो.

आता आपल्या भाच्या-पुतण्यांच्या खरेदीकडे येतो. पोर्तुगालने ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांसाठी निवासाचा परवाना देणारी योजना सुरू केली. पाच लाख युरोंचे घर घेतले की परवाना मिळण्याचा मार्ग खुला होई. घरांच्या किमती भडकल्या, स्थानिक तरुणांना आपल्याच गावी घर परवडेना, तेव्हा सरकारने २०२२ च्या आरंभापासून लिस्बन, पोर्तो आणि बहुतेक किनारपट्टीवरील निवासी घरे या योजनेतून वगळली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग पूर्णपणे बंद केला. तेव्हा “घर घ्या, परवाना मिळेल” असे कोणी दलाल अजूनही सांगत असेल, तर तो फसवीत आहे. परवाना मिळत नसला तरी परदेशी माणसाला घर विकत घेण्यास तेथे मनाई नाही. आधी करक्रमांक घ्यावा लागतो, मग साठेखत होते आणि विसार दिला जातो. ग्राहकाने माघार घेतली तर विसार बुडतो. विकणाऱ्याने माघार घेतली तर त्याला तो दुप्पट परत करावा लागतो. शेवटी खरेदीखत होते.

या व्यवहारातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. तेथील दप्तरी जमिनीचे दोन मुख्य प्रकार आहेत : एक शेतीची, दुसरी इमारतीची. लहान शेतजमीन विकली जात असेल, तर लगतच्या शेतकऱ्याला त्याच किमतीत ती प्रथम घेण्याचा हक्क त्यांच्या दिवाणी संहितेने दिला आहे. जमिनीचे तुकडे एकत्र यावेत आणि शेती टिकावी, हा त्याचा उद्देश. पण लगेच पुढच्या कलमात अपवाद आहे. जमीन इमारतीचाच भाग असेल किंवा शेतीखेरीज अन्य कामासाठी जाणार असेल, तर शेजाऱ्याचा हा हक्क उरत नाही. म्हणजे मळा हा मळा म्हणून विकला तर शेजाऱ्याला विचारावे लागते. तोच मळा घराचे आवार म्हणून विकला तर कोणालाच विचारावे लागत नाही. पत्रकातल्या त्या बारीक ओळीचा अर्थ हा असा आहे. कायदा जेथे थांबतो तेथे ग्राहकाच्या विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, विकणारा राजीखुशीने विकतो; मग इतरांनी मध्ये का पडावे? येथे राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा आठवावी. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता आणि आहाब राजाला तेथे भाजीची बाग करावयाची होती. आपण ईजबेल राणीचे कारस्थान आणि नाबोथाचा खून लक्षात ठेवतो. आहाबाची पहिली मागणी मात्र आपण विसरतो. ती व्यवहाराच्या दृष्टीने चोख होती : बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. नाबोथाने नकार दिला तो किंमत कमी होती म्हणून नाही, तर तो वाडवडिलांचा वारसा होता म्हणून. आजचा नाबोथ थकला आहे, त्याची मुले लिस्बनला आहेत, औषधांचा खर्च आहे. तो नकार देत नाही. तो नकार देत नाही म्हणून आहाबाची मागणी आपोआप योग्य ठरते काय? गरजवंताला विकण्यावाचून गत्यंतर नसेल, त्याला मी बोल लावणार नाही. मी बोलतो आहे ते ज्याला घेण्याची गरज नाही त्याच्याशी.

दुसरा आक्षेप असा की, बाहेरच्या पैशाने पडकी घरे सावरतात. हे काही अंशी खरे आहे. ओस पडलेले जुने घर कोणी दुरुस्त करून तेथे राहू लागला, तर त्याचे स्वागतच करावे. पण वर्षातले तीन आठवडे उघडणारे घर गावाला काय देते? त्या घरातले मूल गावच्या शाळेत जात नाही. त्या घरातला माणूस रविवारी गावच्या चर्चमध्ये मिस्सेला नसतो, मयताला खांदा द्यायला नसतो, सुगीत घड तोडायला नसतो. दारे-खिडक्या रंगविलेल्या असतात एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे आणि तो भाच्यानेच घेतला असता : “मामा, आपणच कुठे वाडी राखली?” हे मला नाकारता येणार नाही. १९८० च्या दशकात आमच्या वडिलांनी वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला. त्या पैशातून माझ्या बहिणीचे, म्हणजे या भाच्याच्या आईचे, लग्न झाले. आज तेथे चार मजली इमारत आहे. वडिलांनी चूक केली असे म्हणण्याचा धीर मला होत नाही; पण त्या तुकड्याबरोबर आमचे बावखलही बुजले आणि त्या बाजूच्या विहिरीचे पाणी पुढे मचूळ झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘हरित वसई’च्या मोर्च्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे आपल्यातले हजारो जण चालले, ते अशाच अनुभवातून. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, तेव्हा बुजविलेल्या बावखलांची आणि अडविलेल्या ओढ्यांची आठवण घरोघरी निघाली.

मग प्रश्न असा उरतो. वसईत येणाऱ्या बिल्डरला “आमच्या केळीच्या बागांकडे पाहून तू इथे येतोस आणि त्याच तोडतोस” असे आपण सुनावतो. तेच वाक्य आझेन्यास दो मारचा शेतकरी आपल्याला ऐकवू लागला, तर आपण काय उत्तर देणार? आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर घेणाऱ्याला आपण शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि हा कायदा आणखी कडक हवा असे आपण म्हणतो. हातात पैसा आला की परक्या गावी मात्र आपल्याला कसलेच बंधन नको असते. स्वतःच्या वाडीसाठी एक न्याय आणि दुसऱ्याच्या मळ्यासाठी दुसरा, हे आपल्या समाजाला शोभणारे नाही. ज्या देशातून आपल्या पूर्वजांकडे १५३४ नंतर राज्यकर्ते आले, त्या देशात आपली मुले आज ग्राहक म्हणून जात आहेत. त्यांनी राज्यकर्त्यांचा तोरा न घेता जावे.

मी केवळ नन्नाचा पाढा वाचीत नाही. घर घ्यायचेच असेल, तर चार गोष्टी कराव्यात. बांधलेले जुने घर घ्यावे. नव्या बांधकामासाठी मोकळी वाळू घेऊ नये. विसार देण्यापूर्वी लगतच्या शेतकऱ्याला भेटून, तुला ही जमीन हवी आहे काय, असे विचारावे. कायद्याने भाग पाडलेले नसले तरी विचारावे. मळा हाती आलाच, तर तो काढू नये. करार करून गावातल्या उत्पादकाला कसायला द्यावा. आणि वर्षातला मोठा काळ तेथे राहण्याची तयारी नसेल, तर ते घर राहणाऱ्यासाठी सोडावे. समुद्र पाहण्यासाठी गावात एखादी खोली भाड्याने मिळते, आणि ते भाडे गावातल्याच माणसाच्या हाती पडते.

हे सारे मी भाच्याला पत्राने कळविले आहे. त्याच्या आईलाही वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दादा, त्याला आपल्या बावखलाचंही लिहा. त्यानं ते पाहिलेलंच नाही.” तेवढे मी शेवटी लिहिले. उत्तर अजून आलेले नाही. विसाराची मुदत या महिन्याअखेर आहे.