गोड्या पाण्यातला मासा बेचव का म्हणायचा?

औषधाची चिठ्ठी लिहून झाली की पेशंटचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, पथ्य काय?" मासे चालतील असे सांगितले की लगेच पुढचा प्रश्न येतो, "नदीचे की समुद्राचे?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सोबत आलेले नातेवाईक सांगून मोकळे होतात, "समुद्राचेच आणतो. धरणाच्या माशाला काय चव असते? नुसता चिखल!"

गेली पंचवीस-तीस वर्षे मी हे ऐकतो आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. उजनीचे धरण मात्र १९८० पासून उशाशी आहे. तरीही पाहुणे आले, मुलगी बाळंतपणाला आली किंवा आजारी माणूस उठून बसला की जादा पैसे मोजून सुरमई, पापलेट आणले जाते. रोहू, कटला, चिलापी म्हणजे गरिबाचा मासा, अशी उतरंड आपल्या मनात पक्की बसली आहे. आणि ती चवीच्या नावाखाली चालते. म्हणून आज चवीबद्दलच बोलू. माझे मत आधीच सांगून टाकतो. चवीतला फरक खरा आहे. पण तो माशाच्या मोठेपणाचा नाही, पाण्याचा आहे, आणि मासा पकडल्यापासून किती वेळ गेला याचा आहे.

समुद्राचा मासा चवदार का?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातले क्षार त्याच्या सुमारे एक तृतीयांशच असतात. त्यामुळे माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसाच हा प्रकार. याला तोंड देण्यासाठी समुद्रातले जीव आपल्या पेशींत काही विरघळणारे पदार्थ साठवून ठेवतात. त्यांत अमायनो आम्ले असतात. त्यांतले ग्लायसिन जिभेला गोडसर लागते. दुसरे ग्लुटामिक आम्ल. याच्याच क्षाराला आपण अजिनोमोटो म्हणून ओळखतो. कोळंबी, खेकडे आणि शिंपल्या यांच्यात हा साठा भरपूर, म्हणून त्यांच्या रश्शाला वेगळाच गोडवा येतो. शिवाय समुद्रातल्या शेवाळातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांतून ब्रोमोफिनॉल नावाचे पदार्थ माशाच्या अंगात येतात. ज्याला आपण दर्याची चव म्हणतो ती बरीचशी यांचीच.

नदीच्या माशाची अडचण नेमकी उलटी. त्याच्या अंगात बाहेरचे पाणी शिरत राहते आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत बसतो. त्याला असा साठा करण्याची गरजच नसते. म्हणून त्याचे मांस सौम्य लागते. पण सौम्य म्हणजे बेचव नव्हे. ज्वारीच्या भाकरीची चवही मंदच असते. आपण तिला बेचव म्हणतो का?

आता याच साठ्याची दुसरी बाजू पाहा. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमेथिलअमाइन करतात आणि मग तो उग्र, नाकात बसणारा वास सुटतो. मुशीसारख्या माशात युरियाही असतो, त्याचा अमोनिया होतो. गोड्या पाण्यातल्या माशात हा भाग फारच कमी. म्हणजे बाजारात ज्या वासाला आपण 'अस्सल समुद्राचा वास' म्हणून मान डोलावतो, तो खरे तर शिळेपणाचा वास असतो. कोकणातल्या कोणालाही विचारा. होडीतून नुकत्याच उतरलेल्या माशाला असा वास येत नाही.

चिखलाचा वास कुठून येतो?

गोड्या पाण्यातल्या माशावरचा मुख्य आरोप हा. आरोप खोटा नाही, पण आरोपी चुकीचा आहे. हा वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो, त्यातही हेच जिओस्मिन असते. कनौजचे अत्तरवाले मातीचा तोच गंध 'मिट्टी अत्तर' म्हणून बाटलीत भरून विकतात. अत्तरात आवडणारा वास आपल्याला कालवणात नको असतो, एवढेच! माणसाचे नाक या वासाला फार तीक्ष्ण आहे. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचे जेमतेम काही अब्जांश इतके जिओस्मिन असले तरी ते कळते.

हे जिओस्मिन मासा तयार करत नाही. पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ आणि गाळातले काही जिवाणू ते तयार करतात. कल्ल्यांवाटे ते माशाच्या अंगात शिरते आणि चरबीत, कातडीत, काळपट मांसात साठते. तोच मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात जिवंत ठेवला तर वास हळूहळू निघून जातो. आंबट पदार्थाने जिओस्मिनचे विघटन होते. आपल्या आजी-पणजीने केमिस्ट्री न शिकता माशाच्या कालवणात चिंच घातली ती उगीच नाही. कोकणातले कोकम समुद्री माशाच्या उग्र वासावर तेच काम करते. रोहू-कटल्याच्या पोटातली काळी पातळ त्वचा खरवडून काढा, वास जास्त असेल तर कातडीही काढा, आणि तुकड्यांना चिंचेचा कोळ किंवा लिंबू, मीठ आणि हळद लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. निम्मी तक्रार तिथेच संपेल.

उरलेली निम्मी तक्रार मात्र स्वयंपाकघरात मिटणारी नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून उजनीत येते. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला खतच. शेवाळ माजले की वास वाढणार. एवढ्याशा जिओस्मिनने अपाय होत नाही. पण शेवाळाच्या काही जाती विषारी द्रव्येही तयार करतात. आणि हेच पाणी सोलापूरकर पितात. मासा आपल्याला पाण्याची खबर देतो आहे. आपण मात्र खबर आणणाऱ्यालाच नावे ठेवतो.

आवड ही सवयीचीही असते

बंगालमध्ये जाऊन 'रोहू हा गरिबाचा मासा' असे म्हणून पाहा! तिथे लग्नात वराकडून वधूच्या घरी सजवलेला रोहू पाठवण्याची रीत आहे. हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. बंगाली खवय्या समुद्रात धरलेल्या हिलसापेक्षा नदीत धरलेल्याला जास्त पैसे मोजतो. आपल्या रायगड जिल्ह्यात जिताडा हा मानाचा मासा. तो खाडीत राहतो आणि अलिबाग-पेणकडचे लोक तो गोड्या पाण्याच्या तळ्यांतही वाढवतात. तेव्हा खारे ते उच्च आणि गोडे ते हलके असा काही निसर्गाचा नियम नाही. आपली चिलापी तर मूळची आफ्रिकेची. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि आज उजनीत घर करून बसली आहे. तिच्यात रोहूसारखे मांसात लपलेले दुकाट्याचे बारीक काटे नसतात. लहान मुलांच्या ताटासाठी हा केवढा तरी गुण आहे.

डॉक्टरला काय वाटते?

प्रथिनांचे म्हणाल तर दोन्हीकडे शंभर ग्रॅम मांसात साधारण १६ ते २० ग्रॅम मिळतात. बाळंतिणीची किंवा आजारातून उठलेल्याची भूक भागवायला रोहू पापलेटपेक्षा कमी पडत नाही. समुद्री माशात आयोडीन जास्त असते. ते आपल्याला आयोडीनयुक्त मिठातून मिळते. हृदयाला हितकर अशी ओमेगा-३ चरबी तेलकट समुद्री माशांत जास्त असते हे खरे. पण ती सर्वांत जास्त महागड्या पापलेटात असते असे समजू नका. स्वस्त बांगडा आणि तारली यांत ती भरपूर आहे.

मात्र याच बांगड्याबाबत एक धोका लक्षात ठेवा. बांगडा, तारली, कुपा, सुरमई हे मासे पकडल्यानंतर बर्फाविना उन्हात राहिले तर जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून किंवा तळून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. लोक म्हणतात, 'मला माशाची ॲलर्जी आहे.' अनेकदा ती ॲलर्जी नसते, मासा बिघडलेला असतो. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या लांबच्या रस्त्यात बर्फ किती वेळा वितळला, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

गोड्या पाण्यातल्या माशाच्याही तीन गोष्टी सांभाळा. एक, तो अर्धवट शिजवू नका. कच्च्या माशातून जंत होऊ शकतात. दोन, साफ करताना पित्ताची पिशवी फोडू नका. फुटली तर मांस कडू होते. रोहूसारख्या माशांची ही पिशवी औषध म्हणून गिळण्याची अघोरी पद्धत काही ठिकाणी आहे. त्यामुळे किडन्या निकामी झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. शिजवली तरी ती विषारीच. तीन, घशात काटा अडकला तर भाताचे गोळे किंवा केळे गिळून तो आत ढकलू नका. सरळ डॉक्टरकडे या.

बाजारात गेलात की माशाचे नाव आणि भाव नंतर विचारा. आधी डोळे पाहा. ते फुगीर आणि स्वच्छ हवेत. कल्ले उघडून पाहा. ते लालभडक हवेत. बोटाने दाबा, खड्डा लगेच भरून यायला हवा. या परीक्षेत बर्फातली सुरमई पास झाली तर खुशाल घ्या, मला तिचे वैर नाही. पण ती नापास झाली आणि शेजारच्या पाटीतला सकाळी धरलेला कटला पास झाला, तर पाहुण्यांसाठीही कटलाच घ्या. चिंच घालून केलेले त्याचे कालवण पाहुणे आवडीने खातील. राहिलेल्या पैशांत पोरांसाठी आणखी एक दिवस मासे येतील. आणि तरीही चिखलाचा वास आलाच, तर मासेवाल्याशी भांडू नका. मते मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या धरणात येणारे सांडपाणी शुद्ध होऊन कधी येणार?