पवनचक्कीखालचा सरडा

सज्जनगडाच्या दर्शनास गेलेली अनेक वृद्ध मंडळी पुढे ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जातात आणि परतल्यावर मला विचारतात, “डॉक्टर, या पवनचक्क्यांना ना धूर, ना राख. मग त्यांचा त्रास तो कोणाला?”

या प्रश्नाचे उत्तर तेथील सरड्यांपाशी आहे. या पठारावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळा, काळा व नारिंगी पंखा असतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नाव दिले तेही आपल्या मराठीतलेच, ‘सरडा’! (एरवी शास्त्रीय नावे लॅटिन वा ग्रीक असतात, म्हणून हे वाचून मला विशेष आनंद झाला.) 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पवनचक्क्यांखालचे आणि त्यांच्यापासून दूरचे सरडे ताडून पाहिले. जेथे पाती फिरतात तेथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. वैरीच नाही म्हटल्यावर सरडे वाढले आणि धीटही झाले; माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनात. पकडल्यानंतर भीतीने रक्तात वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे आपल्या कॉर्टिसोलचे भावंड, तेही त्यांच्यात कमी भरले.

निर्धास्त जीव धष्टपुष्ट असेल, अशी आपली समजूत. हे सरडे मात्र रोडावलेले होते. तोंडे वाढली, भक्ष्य तेवढेच. शिवाय नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडलेले. पाती पक्ष्यांभोवती फिरली आणि परिणाम खाली जमिनीपर्यंत झिरपला.

मी पवनचक्क्यांचा विरोधक नाही. कोळशाच्या धुरापेक्षा वारा आपल्या फुप्फुसांना खचितच बरा. मात्र अशा खडकाळ सड्यांना ‘पडीक’ ठरवून मनोरे उभारण्यापूर्वी तेथे कोण नांदते, याची मोजदाद व्हावयास हवी.

हा अभ्यास वाचताना मला माझ्याकडे येणाऱ्या एका आजी आठवल्या. रक्तदाब उत्तम, साखर आटोक्यात, झोप शांत, कसलीही तक्रार नाही. घरचे समाधानी होते, आणि खरे सांगायचे तर मीही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्याचे प्रथम लक्षात आले ते सुनेच्या. दातांची कवळी सैल झाल्याने आजी भाकरी टाळत होत्या, आणि कोणास त्रास नको म्हणून बोलत नव्हत्या.

तेव्हा घरातील ज्येष्ठांचे वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी करावे. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, शंभरात पाचाहून अधिक घट झाली, म्हणजे साठ किलोंच्या व्यक्तीत तीन किलोंहून अधिक, तर इतर अहवाल चांगले असले तरी डॉक्टरांना भेटावे. जाताना वजनाची वही आणि कवळी, दोन्ही सोबत न्यावीत.