पी हळद आणि हो गोरी

आपल्याकडे चेहरा ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट नाहीच मुळी. त्यावर कोणीही मत द्यावं, आणि मत देऊन थांबू नये, ट्यूबचं नावही सांगावं! मला गेली काही वर्षं रोझेशिया आहे. गाल आणि नाक तापतं, चुरचुरतं, बारीक पुळ्या येतात. या काळात मला क्रीम सुचवलेल्यांत एक मावससासू, ऑफिसातल्या दोघी, पार्लरवाली आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला एवढे जण आहेत. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "लाव गं, चार दिवसांत चेहरा साफ."

माझं भांडण या "चार दिवसांत"शी आहे.

कारण ते खरं आहे. चार दिवसांत चेहरा खरंच साफ होतो! त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं. लाली जाते, खाज थांबते, पुळ्या बसतात, रंगही उजळ वाटतो. लावणारी खूश, सुचवणारी त्याहून खूश. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी त्वचा पातळ व्हायला लागते. गालांवर लाल केशवाहिन्यांची जाळी दिसू लागते, पुळ्या उठतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. ट्यूब बंद केली तर दोन-तीन दिवसांत चेहरा आधीपेक्षा दुप्पट भडकतो. मग काय, पुन्हा ट्यूब! दारू सोडवणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

गंमत बघा. १९७४ मध्ये 'स्टेरॉइड रोझेशिया' या दुखण्यावर अमेरिकेत एक शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत अल्बर्ट क्लिगमन होते. पुढच्याच वर्षी याच क्लिगमननी आणि एका सहकाऱ्याने डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण मांडलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक काळ वापरायचं औषध. त्याचीच भावंडं आपल्याकडे 'गोरं होण्याचं क्रीम' म्हणून वर्षानुवर्षं गल्लोगल्ली खपली.

हा माझा तर्क नाही. २०११ मध्ये भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बारा केंद्रांमधली पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे जवळजवळ दर सातांत एक! २०१८ मध्ये सरकारने अशा कित्येक मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तुमच्या कोपऱ्यावर किती जण चिठ्ठी मागतात ते तुम्हीच बघा. आणि इशारा छापलेला असतो तो इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. जिच्यासाठी छापला तिला तो वाचता येऊ नये अशी सोयच म्हणायची.

"पण रोझेशिया तर गोऱ्यांचा आजार ना?" हे मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलंय. पुस्तकांतले फोटो गोऱ्यांचे, म्हणून आजार गोऱ्यांचा! सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आग होते, उन्हात किंवा गरम चहाने चेहरा तापतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पुळ्या येतात पण त्यांत काळी तोंडं नसतात. ही लक्षणं रंग विचारून येत नाहीत. पण डोळ्याला लाली दिसली नाही की दुखणं 'मुरुम' किंवा 'ॲलर्जी' ठरतं आणि हातात ट्यूब पडते. म्हणजे ज्या चेहऱ्याला स्टेरॉइड सगळ्यांत घातक, नेमका तोच त्याच्या तोंडी दिला जातो.

यावर एक प्रश्न रास्त आहे. तालुक्याच्या गावी त्वचेचा डॉक्टर कुठे मिळतो, आणि मिळाला तरी फी परवडते का? खरंय. मेडिकलवाल्याकडे माणसं हौसेनं जात नाहीत. पण म्हणूनच चिडचिड होते. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्याच्याच तोंडावर हा प्रयोग का? आणि काही गोष्टींना पैसे लागतही नाहीत. ऊन टाळणं, छत्री-टोपी वापरणं, चहा जरा निववून पिणं, चेहरा न घासणं, लिंबू-बेसनाचे उपाय बंद करणं. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन मिळालं तर उत्तमच. पुढची औषधंही आहेत, मेट्रोनिडॅझोल, ॲझेलेइक ॲसिड, आयव्हरमेक्टिनचं क्रीम, गरज पडली तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. ती डॉक्टरने द्यावी. रोझेशिया मुळापासून जात नाही, पण आटोक्यात नक्की राहतो. त्याला आठवडे लागतात, चार दिवस नाही.

घरातली ट्यूब एकदा उलटून बघा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यातलं एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड वाईट नाही, एक्झिमावर तेच उपयोगी पडतं. पण ते क्रीम नव्हे, औषध आहे. महिनोन्महिने लावत असाल तर घाबरून स्वतःच एकदम बंद करू नका, चेहरा भडकेल आणि तुम्ही परत तिकडेच वळाल. डॉक्टरला ट्यूब दाखवा, किती दिवस लावली ते खरं सांगा.

आणि सुचवणाऱ्यांनो, तुमची माया कळते हो. पण लग्न ठरायचंय म्हणून पोरीच्या गालावर जे लावायला सांगता, ते तिला लग्नानंतरही वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. सुचवायचंच असेल तर डॉक्टरचं नाव सुचवा. नाहीतर तिचा चेहरा तिच्यापाशी राहू द्या.