व्हिजिटवर माणूस पाठवणे थांबवा

गेल्या काही महिन्यांत वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा भागातून आलेल्या वाचकांच्या पत्रांत दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. एक, पार्टी, म्हणजे कामाला निघालेला माणूस, व्हिजिट व्हिसावर पाठवली, तिकडे वर्क व्हिसात कन्व्हर्जन अडकले, आता घरचे रोज दुकानात येऊन बसतात. दुसरी, पार्टी हैदराबादच्या इमिग्रेशन काउंटरवरूनच ऑफलोड झाली, तिकीट बुडाले आणि लेखी कारण कोणी देत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. दुसरीत सरकारी यंत्रणेचा दोष मोठा आहे आणि त्यावर या लेखात स्पष्ट लिहायचेच आहे. पण पहिल्या तक्रारीचे मूळ आपल्या, म्हणजे एजंटांच्या, काउंटरवर आहे. ‘व्हिजिटवर जा, महिनाभरात स्टेटस चेंज करून देतो’ हे आश्वासन देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही, कारण ते पाळणे आपल्या हातात नाही. ते दुसऱ्या देशाच्या हातात आहे आणि तो देश एका परिपत्रकाने ते मागे घेऊ शकतो.

हे घडूनही गेले आहे. ओमानने ३१ ऑक्टोबर २०२३ पासून व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसा देशात राहून वर्क व्हिसात बदलणे सर्व देशांच्या नागरिकांसाठी थांबवले. बाहेर पडा आणि नव्या व्हिसावर या, असे सांगितले. त्या दिवशी जे मस्कतमध्ये कन्व्हर्जनची वाट पाहत होते, त्यांच्या पुढच्या तिकिटाचा खर्च कोणत्या एजंटाने उचलला? बहरीनने २०२४ च्या सुरुवातीला प्रायोजक नसलेल्या व्हिजिट व्हिसाचे कन्व्हर्जन बंद केले आणि ज्यांना परवानगी ठेवली त्यांची फी ६० दिनारांवरून २५० वर नेली. हे फक्त आखातातच होते असेही नाही. कॅनडाने करोनाकाळात, २४ ऑगस्ट २०२० ला, व्हिजिटर म्हणून आलेल्यांना देश न सोडता वर्क परमिटसाठी अर्ज करण्याची सवलत दिली. ती २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालणार होती. प्रत्यक्षात २८ ऑगस्ट २०२४ लाच संपवली गेली. सहा महिने आधी. जे त्या तारखेच्या भरवशावर व्हिजिटर म्हणून गेले, त्यांच्याकडे पासपोर्टवरचा शिक्का उरला आणि अर्ज करायची वाट बंद झाली. इराणने तर २२ नोव्हेंबर २०२५ पासून सामान्य भारतीय पासपोर्टधारकांची व्हिसामाफीच स्थगित केली. नोकरीचे किंवा पुढच्या देशात पोचवण्याचे आमिष दाखवून नेलेल्या भारतीयांची तिथे खंडणीसाठी अपहरणे झाली, हे त्यामागचे कारण परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितले. पर्यटकाचे दार नोकरीसाठी वापरले की ते दार खऱ्या पर्यटकालाही बंद होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, ‘यूएईचे काय? तिथे तर इन-कंट्री स्टेटस चेंज कायदेशीर आहे.’ आहे, हे मान्य. पण ते कोणासाठी कायदेशीर आहे हे पाहा. ज्याला कंपनीने ऑफर दिली, कंपनीने स्वतः वर्क परमिट काढले, व्हिजिटची मुदत संपण्याआधी फाइल पुढे सरकली, मेडिकल झाले, एमिरेट्स आयडी आणि नोंदवलेला लेबर कॉन्ट्रॅक्ट हातात आला, त्याच्यासाठी. आपण पाठवतो तो माणूस यात बसत नाही. तो आधी जातो आणि मग काम शोधतो. व्हिजिटवर असताना काम करणे हा तिथे गुन्हा आहे, आणि परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकावरचा दंड यूएईने २०२४ मध्ये १ लाख ते १० लाख दिरहमांपर्यंत वाढवला. म्हणजे जो चांगला मालक आहे तो व्हिजिटवाल्याला दारात उभा करणार नाही. जो उभा करील तो दंडाची भीती नसलेला, पगार बुडवणारा मालक असेल. शिवाय मुदत संपत आलेल्या माणसाला सौदा करता येत नाही. ओव्हरस्टेचा दंड रोज ५० दिरहमने चढत असताना समोर येईल तो पगार, येईल ती खोली, येईल तो कॉन्ट्रॅक्ट तो घेतो. यूएईने २०१८ मध्ये आणि पुन्हा १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ मध्ये माफीच्या योजना जाहीर केल्या. कन्व्हर्जन इतके सरळ असते तर अशी माफी पुन्हा पुन्हा लागलीच नसती. आणि ज्याला खरोखर तिथे जाऊन काम शोधायचे आहे, पदवी व कौशल्य आहे, त्याच्यासाठी यूएईने २०२२ मध्ये जॉब सीकर व्हिसा काढला आहे. पात्र माणसाला तोच रस्ता दाखवावा.

आता आपल्या सरकारकडे वळू. १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टमध्ये नोकरीच्या उद्देशाने देश सोडणे म्हणजेच ‘एमिग्रेट’ होणे, मग करार झालेला असो वा नसो. कलम २२ प्रमाणे त्यासाठी क्लिअरन्स लागतो. दहावी न झालेल्याच्या, म्हणजे ईसीआर पासपोर्टवाल्याच्या बाबतीत ठरवून दिलेल्या १८ देशांसाठी तो प्रत्यक्ष तपासला जातो. पण व्हिजिटवर जाणाऱ्याला क्लिअरन्स मागितला जात नाही. मग काउंटरवरचा अधिकारी रिटर्न तिकीट, हॉटेल बुकिंग आणि माणसाच्या हातावरचे घट्टे पाहून उद्देश ठरवतो. एका पाळीत जी कागदपत्रे चालतात, त्याच कागदपत्रांवर दुसऱ्या पाळीत माणूस परत पाठवला जातो. ज्याला अडवले त्याला लेखी आदेश द्या, कारण लिहा, ही मागणी आपण वर्षानुवर्षे करतो आणि उत्तर येत नाही. याहून विचित्र पुढे आहे. तोच ईसीआर मुलगा काउंटरवरून सुटला, दुबईत रीतसर स्टेटस चेंज झाले, वर्षभर इमानाने काम केले आणि बहिणीच्या लग्नाला गावी आला, की परतताना हीच यंत्रणा त्याला थांबवते. एम्प्लॉयमेंट व्हिसा आहे, पासपोर्ट ईसीआर आहे, परदेशात तीन वर्षे झालेली नाहीत, तर क्लिअरन्स कुठे आहे? जो प्रश्न त्याला जाताना विचारायला हवा होता तो नोकरी लागल्यानंतर विचारला जातो, आणि सुट्टीचे उरलेले दिवस अटेस्ट केलेला कॉन्ट्रॅक्ट मागवण्यात आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर अर्ज पुढे ढकलण्यात जातात. मधल्या वर्षात तो मेला असता तर? क्लिअरन्सबरोबर सक्तीची असलेली प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता आणि १० लाखांचे अपघाती संरक्षण, त्याच्याकडे नव्हतीच. जबाबदार धरायला लायसन्सधारक रिक्रूटिंग एजंट (आरए) नव्हता, भारत सरकारकडे नोंदवलेला कॉन्ट्रॅक्ट नव्हता.

आणि दहावी झालेल्या मुलांचे काय? आज आयटीआय करून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून निघणारी आपल्या जिल्ह्यातली मुले बहुतेक ईसीएनआर, म्हणजे क्लिअरन्सची गरज नसलेली, आहेत. त्यांची कोणतीच नोंद सरकारकडे होत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या ईसीएनआरवाल्यांना १ जानेवारी २०१९ पासून पूर्वनोंदणी सक्तीची केली आणि ओरड होताच काही दिवसांत तो आदेश स्थगित केला. पद्धत सुधारून ती नोंदणी चालू ठेवता आली असती. ती ऐच्छिक राहिली, आणि ऐच्छिक म्हणजे कोणीच करत नाही. १९८३ चा कायदा बदलायला म्हणून २०१९, २०२१ आणि २०२५ असे तीन मसुदे निघाले. मसुद्यांवर हरकती पाठवण्याचे आवाहन आम्ही दर वेळी केले, आणि मराठवाड्यातल्या सभासदांनी दर वेळी हात आखडता घेतला. आपल्या धंद्यावर कायदा होत असताना गप्प बसायचे आणि तो झाल्यावर बोंब मारायची, हे चालणार नाही.

१९८३ च्या कायद्यातला सर्वांत वाईट भाग असा की, क्लिअरन्सशिवाय नोकरीला गेलेला ईसीआर मुलगा कागदोपत्री स्वतःच कलम २४ खाली गुन्हेगार ठरतो. म्हणून फसलेला माणूस तक्रारीला घाबरतो आणि फसवणारा याच भीतीवर जगतो. पोलीस ठाण्यात गेले तर ‘केंद्र सरकारची मंजुरी आणा’ म्हणून बोळवण होते. कलम २७ मध्ये मंजुरीची अट आहे खरी, पण त्याच कलमाचे परंतुक सांगते की ज्याच्याबाबत गुन्हा घडला त्याने स्वतः, किंवा त्याच्या आई, वडील, पत्नी, मुले, भाऊ, बहीण यांनी त्याच्या वतीने तक्रार केली तर मंजुरीची गरज नाही. हे परंतुक प्रत्येक सभासदाने छापून दुकानात लावावे. पोलिसांनाही ते वाचून दाखवावे.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ‘लायसन्सवाले आरए मुंबईत बसतात, त्यांची डिमांड हिंगोलीपर्यंत येत नाही, आम्ही सब-एजंट म्हणून काम केले तर कायद्यात आम्हाला जागाच नाही, आणि ५० लाखांची बँक गॅरंटी कोण देणार?’ यातली अडचण खरी आहे. पण मंत्रालयाने १०० कामगारांपर्यंत भरतीसाठी ८ लाखांच्या गॅरंटीचे छोटे लायसन्स ठेवले आहे. नांदेड, परभणी, हिंगोली मिळून चार-पाच जणांनी एक फर्म केली तर ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही. कामगाराकडून घेता येणारी कमाल फी ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, हे कमी वाटते म्हणून काही जण व्हिजिटकडे वळतात, कारण तिथे कागदावर फक्त तिकीट आणि व्हिसा दिसतो आणि बाकी रकमेला मर्यादा नाही. हळदीचा पैसा हातात आलेल्या किंवा सोयाबीन हमीभावाखाली विकून कर्जावर निघालेल्या घरातून अशी रक्कम घेणे हा व्यवसाय नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ‘शंभर टक्के कन्व्हर्जन’ लिहिणाऱ्या सभासदांना हे आम्ही तोंडावर सांगतो.

या अंकापासून व्हिजिट पॅकेजसोबत नोकरीचे आश्वासन देणारी कोणतीही जाहिरात आम्ही घेणार नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत पाठवले आहेत. ज्यांची पार्टी आज अडकली आहे त्यांनी घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आजच तक्रार करायला बसवावे, पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत आणि शेवटचा पत्ता सोबत द्यावा, आणि आपले नाव गोवले जाईल या भीतीने एकही दिवस घालवू नये. छोट्या लायसन्ससाठी एकत्र यायची तयारी असलेल्यांनी महिनाअखेरपर्यंत आम्हाला लेखी कळवावे.