‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणजे काय, डॉक्टर?

नागपुरात बाई धंतोली-रामदासपेठेत जायची ती बाळंतपणाला, नाहीतर पिशवी काढायला. आता तिथेच स्तन मोठे करून मिळतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रं, वर हप्त्यांची सोय. लग्नाआधी येणारी मुलगी चाचरत विचारते, ‘पुढे बाळाला पाजता येईल ना?’ आमच्याकडे बोलायला आलेल्या बायकांना उत्तर मिळालं होतं, ‘काही प्रॉब्लेम नाही.’ माझं भांडण या तीन शब्दांशी आहे.

कारण ते अर्धसत्य आहे. सिलिकॉनची पिशवी दुधाच्या ग्रंथींच्या मागे किंवा छातीच्या स्नायूखाली बसवतात, त्यामुळे पुष्कळजणी पाजू शकतात. पण चीर कुठे घेतली यावर बरंच अवलंबून असतं. स्तनाखालच्या घडीतून घेतली तर दुधाच्या नळ्या बहुधा वाचतात. बोंडीभोवतीच्या काळसर भागातून घेतली, तर नळ्या आणि नसा कापल्या जाण्याचा धोका वाढतो. बाळ चोखतं तेव्हा त्या नसांमधूनच मेंदूला निरोप जातो, मग दूध तयार होतं, पान्हा फुटतो. नस दुखावली की निरोपच अडतो. काहींच्या स्तनात मुळातच दुधाच्या ग्रंथी कमी असतात. लहान स्तनांचं कारण कधी कधी तेच असतं. हे तपासून सांगायचं काम कुणाचं? 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले. अशा बायकांत फक्त अंगावरच्या दुधावर बाळ ठेवू शकणाऱ्या कमी आढळल्या.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं, की उपचाराचे परिणाम, पर्याय आणि मोठे धोके समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. त्या खटल्यात भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईच्या होकारावर काढलं होतं! दुर्मिळ धोके सांगायची सक्ती न्यायालयाने केली नाही, हे खरं. पण विशी-पंचविशीतल्या मुलीला पाजता येईल की नाही, हा दुर्मिळ प्रश्न आहे का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 साली शस्त्रक्रियेआधी धोक्यांची यादी बाईपुढे ठेवून तिची सही घेण्याचं बंधन घातलं. या पिशव्या जन्मभर टिकत नाहीत, हेही तिला आधीच कळायला हवं.

दूध कमी पडलं की घरचे म्हणतात, ‘प्लॅस्टिकचं दूध पाजतेस का?’ या अफवेचं उत्तर 1998 सालीच मिळालंय. टोरांटोच्या संशोधकांनी दुधातलं सिलिकॉन मोजलं. शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या आयांच्या दुधात फारसा फरक नव्हता. गाईच्या दुधात दहापटीहून जास्त, आणि डब्याच्या दुधात त्याहून कितीतरी जास्त निघालं. बाळाला अपाय होतो असा पुरावा त्यात नाही. पण घाबरवून डबा हाती देणाऱ्यांनी ते आकडे जरूर वाचावेत. डब्याच्या जाहिरातीवर आणि दवाखान्यातून त्याचा प्रचार करण्यावर आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे.

आता आपल्याच मैत्रिणींबद्दल. ‘हौस केली, भोगा आता,’ हे मी चळवळीतल्या तोंडूनही ऐकलंय. 1996 साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तो राग बाजारावर होता. तो या पोरींवर का काढायचा? ‘सपाट आहे’ म्हणून स्थळ नाकारणारा वेगळा, शस्त्रक्रिया विकणारा वेगळा, आणि दूध उतरलं नाही की दोष मात्र बाळंतिणीचा. तिला टोमणे नकोत, मदत हवी: पहिल्या तासापासून बाळ छातीशी, वारंवार पाजणं, बाळाचं वजन आणि लघवी यांच्यावर नजर. कमी पडलंच तर वरचं दूध, आणि त्याची लाज नाही.

डॉक्टरांकडून आम्हाला हवा आहे एक कागद. चीर कुठून घेणार, पिशवी कुठे बसवणार, पाजण्यावर काय परिणाम होऊ शकतो, पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते का — सही घेण्याआधी मराठीत किंवा हिंदीत, लिहून. हा कागद मागायला एकटीला संकोच वाटत असेल, तर आमच्यापैकी कुणीतरी बरोबर येईल.