मंत्रचळाच्या ताब्यातील लक्ष

एकच ओळ पुनःपुन्हा वाचणाऱ्या, लिहिलेले उत्तर खोडून तेच पुन्हा लिहिणाऱ्या आणि त्यापायी निम्मी उत्तरपत्रिका कोरी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारून मोकळे होण्याची जी रीत आपल्या शाळांत रूढ आहे, ती मंत्रचळाने (ओसीडीने) ग्रासलेल्या मुलांच्या बाबतीत मला निर्दय वाटते. अशा मुलाचे लक्ष उणे नसते. ‘माझे काही चुकले तर?’ या शंकेने ते असे काबीज केलेले असते की, धड्याच्या वाट्याला त्यातले फारसे उरतच नाही.

ही शंका नवी नाही; फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका स्त्रीची हकीकत आहे. या बाईंना, हिशेबात आकडा चुकून गिऱ्हाइकाचे नुकसान तर होणार नाही ना, पैसे हाताळताना काही मोलाचे बोटांना चिकटून तर राहणार नाही ना, अशी धास्ती वाटे. ती निराधार आहे हे त्यांना पुरते उमजे, आणि तरीही ती सुटत नसे.

तपासल्याने शंका फिटेल, ही रुग्णाची स्वाभाविक समजूत; घडते ते विपरीत. व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरील गॅसची शेगडी वारंवार तपासावयास लावली, तेव्हा त्यांची स्मृती अचूक राहिली, पण तिचा ठसठशीतपणा आणि तिच्यावरील त्यांचा भरवसा ओसरला. मग दिवसभर कड्याकुलपे आणि आकडे तपासणाऱ्या जिवाची काय अवस्था होत असेल!

लक्ष न लागणे हे एडीएचडी या अवधानाच्या विकाराचेही लक्षण असल्यामुळे, आणि काहींच्या ठायी दोन्ही विकार एकत्र नांदत असल्यामुळे, निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच व्हावे. मंत्रचळावर औषधे आहेत. शिवाय शंका मनात येऊ द्यावी, परंतु तपासणीस आवर घालावा, ही मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली मांडलेली उपचारपद्धतीही आहे.

परीक्षेत वाढीव वेळेची सवलत अशा मुलांना अवश्य मिळावी; मात्र उपचाराविना मिळालेली ती मुदत पुन्हा तपासण्यातच खर्ची पडण्याचे भय असल्याने, शाळेने सवलतीचा अर्ज दाखल करून घेतानाच पालकांना उपचाराची वाट दाखवावी, आणि ‘बरोबर आहे ना?’ या मुलाच्या शंभराव्या प्रश्नाला मायेपोटी शंभरावा होकार देणाऱ्या आईवडिलांनी तो देणे कसे थांबवावे, हेही तज्ज्ञांकडून शिकून घ्यावे.