क्विक हील, अंगठा आणि मधला माणूस

क्विक हीलची गोष्ट एव्हाना आपल्याकडे बहुतेकांना पाठ झाली आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं कुटुंब, दहावीनंतर शिक्षण थांबलेले थोरले कैलास काटकर, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, १९९० साली पंधरा हजारांवर स्वतःचं दुकान... आणि २०१६ च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ या आपल्या लाडक्या रडगाण्यावर उतारा म्हणून ही गोष्ट हटकून सांगितली जाते. सांगावीच. पण मला ती कायम दुरुस्तीच्या दुकानाची गोष्ट वाटत आली आहे, आणि इथे जव्हारला राहून तर जास्तच.

बघा ना. कैलासरावांनी धाकट्या भावाला, संजयला, कॉम्प्युटर शिकायला लावलं. दुकानात बिघडलेली मशीनं यायची, त्यातली कित्येक व्हायरसने आडवी झालेली. तो तेव्हा फ्लॉपीवरून पसरायचा. एकाच व्हायरसवर तोच तोच उपाय हाताने किती वेळा करणार? म्हणून संजयने त्या त्या व्हायरससाठी छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये ते सगळे एकत्र करून ‘क्विक हील’ बाहेर पडलं. नावातच बघा, फाईल उडवून टाकणं नाही, बरी करणं. गिऱ्हाइकाला त्याची खातेवही परत हवी असते हे दुरुस्तीवाल्याला शिकवावं लागत नाही.

(जाता जाता एक गंमत. १९८६ मध्ये पीसीवर पसरलेला ‘ब्रेन’ हा पहिला गाजलेला व्हायरस लिहिणारेही दोन भाऊच होते, लाहोरचे, आणि त्यांचंही कॉम्प्युटरचं दुकानच होतं. व्हायरसमध्ये त्यांनी चक्क आपला पत्ता आणि फोन नंबर घातला होता! लाहोरच्या भावांनी दुखणं दिलं, पुण्याच्या भावांनी औषध. असो.)

कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं ते २००७ मध्ये. त्या आधी २००३ मध्ये पुण्याबाहेरची पहिली शाखा उघडली ती मुंबईला नाही, बंगळूरला नाही, तर नाशिकला. या एका गोष्टीवर मी फार विचार केला आहे. नाशिक म्हणजे आमच्या मोखाड्याचं शहर. त्र्यंबकचा घाट उतरला की मोखाडा, पुढे जव्हार. मशीन दुरुस्तीला तिकडेच जायचं, आणि दुरुस्त करून देणाराच सांगायचा की हे टाकून घ्या. त्याच्या शब्दावर डबा विकला जायचा. पुढे २०१० मध्ये सिकोया कॅपिटलचे साठ कोटी आले, जपान, अमेरिका, केनियात कचेऱ्या झाल्या, ते सगळं खरं. पण पाया त्या मधल्या माणसाचा होता, म्हणजे ओळखीच्या, जवळच्या, आपल्या भाषेत बोलणाऱ्या आणि चुकला तर उद्या परत दुकानात गाठता येणाऱ्या माणसाचा.

आता तो डबा मागे पडला. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरस आतच फुकट दिला, आणि इथल्या बहुतेक घरांत कॉम्प्युटर कधी आलाच नाही, थेट मोबाईल आला. मग इथे चोरी कशाची होणार? अंगठ्याची.

रोजगार हमीची मजुरी खात्यात येते. बँक लांब, म्हणून पाड्याजवळच्या केंद्रावर आधार नंबर, बँकेचं नाव आणि मशीनवर बोट, एवढ्यावर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. सोय मोठी आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही. पण बाईने बोट ठेवलं, समोरचा म्हणाला ‘काकी, ठसा लागला नाही, परत ठेवा’, तर पहिल्या खेपेला पैसे निघाले की नाही हे तिला कसं कळणार? कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा खरोखरच लागत नाही, हीच तर अडचण. मोबाईल खात्याला जोडलेला नसेल तर मेसेजही नाही. देशात काही ठिकाणी जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनची बोटं बनवून खाती रिकामी केल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. यावर कुठलं सॉफ्टवेअर टाकणार? आणि कशात?

आधारचे ठसे लॉक करता येतात, हे खरं आहे. पण लॉक केले की पैसे काढताना उघडायचे कोणी? दिवाळीनंतर अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे कामाला गेलेला असतो. १९३० हा तक्रारीचा नंबर चांगला आहे, पण रेंज शोधत टेकाडावर चढून तिथून वारलीत किंवा कोकणीत आपलं गाऱ्हाणं सांगायचं, हे जरा करून बघा.

क्विक हीलनेही २०२४ मध्ये फसवणूक ओळखणारं ॲप काढलं, आणि त्यांच्या फाउंडेशनतर्फे कॉलेजची मुलं शाळांमध्ये जाऊन सायबर सुरक्षा शिकवतात. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. ॲपपेक्षा मुलगी बरी, तिला प्रश्न विचारता येतो. पण एका भाषणाने भागत नाही. माझं म्हणणं असं, की दर केंद्रावर छापील पावती सक्तीची करा, मशीनने रक्कम मोठ्याने बोलून दाखवावी (दुकानातले क्यूआरचे डबे बोलतात, मग हे का नाही?), आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बचतगटातली एखादी शिकलेली बाई मानधनावर तिथे बसवा, जी पावती वाचून दाखवेल. हे काम सायबर सुरक्षेचंच आहे, भले त्याला कोणी तसं म्हणत नसेल.

आणि पुण्या-डोंबिवलीच्या आमच्या नातेवाइकांनो, हसू नका. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणत तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून ज्यांची आयुष्यभराची पुंजी नेली जाते, ते सुशिक्षित पेन्शनरच असतात, त्यांच्या मशीनवर अँटिव्हायरसही असतो. त्या वेळी शेजारी बसून ‘अहो काका, फोन ठेवा आधी’ म्हणणारं तिथेही कोणी नसतं.